‘तेल’ : एका शब्दाची कुळकथा

ज्या शब्दाविषयीं आज मी बोलणार आहें, तो इतका नित्याचा आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि सहसा कोणाला येत नाहीं. तो शब्द म्हणजे ‘तेल’. वाण्याच्या यादींत आपण तो दर महिन्याला लिहितों आणि लिहितांना क्षणभरहि थांबत नाहीं.

या शब्दाचें कोडें मला प्रथम पडलें तें शिक्षणासाठीं पुण्यास आलों तेव्हां. माझें बालपण भंडाऱ्यास आजीच्या घरीं गेलें. आमच्या स्वयंपाकघरांत चुलीच्या उजव्या हाताला पितळेची एक बुधली असे. तिच्यांत जवसाचें तेल असे. परंतु ‘जवसाचें’ हें विशेषण आमच्या घरांत कोणीं उच्चारल्याचें मला आठवत नाहीं. नुसतें ‘तेल’ म्हटलें कीं तें जवसाचेंच. गरम झुणक्यांत खळगा करून आजी त्यांत कच्च्या तेलाची धार सोडी, आणि त्या किंचित् उग्र वासानेंच आम्हां मुलांना भूक लागे.

पुण्यांतल्या खानावळींत पहिल्याच आठवड्यांत मीं पिठल्यावर तेल मागितलें. काकूंनीं पळीभर वाढलें. पहिला घास घेतांच माझ्या तोंडून निघून गेलें, “काकू, हें तेल नव्हे.”

“अरे, तेल नव्हे तर मग मीं तुला पाणी वाढलें कीं काय?” काकू म्हणाल्या, आणि सारी पंगत हसली. तें भुईमुगाचें तेल होतें. माझ्या शेजारीं संस्कृताचे एक निवृत्त शिक्षक जेवत असत. त्यांनीं हातांतला घास ताटांत ठेवला आणि निर्णय दिला, “तुम्ही दोघेंहि चुकतां. तिळापासून निघतें तेंच तेल. बाकीचीं सारीं त्या नांवांत मागाहून शिरलेलीं आहेत.”

पंगतीला तो विनोद वाटला. मला मात्र तो झोंबला. ज्या तेलावर आजीनें आम्हांला वाढविलें, तें तेलच नव्हे काय? भूक शमविणाऱ्या वस्तूचें नांव चुकीचें आहे असें कोणी म्हटलें, तर आपलें घरच कोणीं खोटें ठरविल्यासारखें वाटतें. त्या दिवसापासून या शब्दाचा माग मी काढीत आलों आहें. जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

आरंभीं एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. शब्दाचें मूळ शोधतांना जें सहज सुचतें तें नेहमीं खरें असतेंच असें नाहीं. आमच्या गांवाचेंच उदाहरण घ्या. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध झाला. तेव्हां ‘भांडें’ यावरूनच ‘भंडारा’ हें नांव आलें असावें, असें पुष्कळांना वाटतें. परंतु रतनपूर येथें कलचुरी राजा जाजल्लदेव याचा इ. स. १११४ चा जो शिलालेख मिळाला, त्यांत ‘भाणार’ या प्रदेशाचा उल्लेख आहे, आणि विद्वानांनीं भंडाऱ्याचा संबंध त्या नांवाशीं जोडला आहे. तात्पर्य, कानाला जुळणारें साम्य हा पुरावा नव्हे. जुन्या लेखांतून आणि शेजारच्या भाषांतून जो आधार मिळतो तोच पुरावा.

असा पुरावा ‘तेल’ या शब्दाच्या बाबतींत भरपूर आहे, आणि तो प्रथमदर्शनीं त्या शिक्षकांच्याच बाजूचा आहे. संस्कृतांत तिळाला ‘तिल’ म्हणतात आणि तिळापासून झालेलें तें ‘तैल’. त्याचें प्राकृतांत ‘तेल्ल’ झालें व मराठींत ‘तेल’ उरलें. तीळ हें आपल्या देशांतलें फार जुनें गळिताचें धान्य आहे. हडप्पा येथील उत्खननांत जळालेले तीळ सांपडले आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या लोकांच्या घरांत तीळ होते. जें बीं सर्वांत परिचयाचें, त्याचेंच नांव त्याच्या रसाला मिळावें, यांत नवल नाहीं.

तथापि गोष्ट येथें संपत नाहीं. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनानें जीं वार्तिकें लिहिलीं, त्यांत ‘तैल’ हा स्नेहवाचक प्रत्यय म्हणून सांगितला आहे, आणि पतंजलीनें आपल्या महाभाष्यांत त्याचीं उदाहरणें दिलीं आहेत: सर्षपतैल म्हणजे मोहरीचें तेल, इंगुदतैल म्हणजे हिंगणाचें तेल, आणि त्यांच्याच पंक्तीला ‘तिलतैल’, म्हणजे तिळाचें तेल! पतंजलीचा काळ इ. स. पूर्वीं दुसरें शतक असा मानतात. म्हणजे आजपासून सुमारें एकवीसशें वर्षांपूर्वींच ‘तैल’ हा शब्द तिळाचें घर सोडून बाहेर पडला होता, इतका कीं तिळाच्या तेलालाहि ‘तिळाचें’ असें वेगळें सांगणें भाग पडूं लागलें होतें. व्याकरणकारांनीं त्याला दोष दिला नाहीं. लोक जसें बोलत होते त्याची नोंद केली, इतकेंच.

आयुर्वेदाचीहि हीच साक्ष आहे. चरकसंहितेंत चार मुख्य स्नेह सांगितले आहेत: घृत, तैल, वसा आणि मज्जा. त्यांत ‘तैल’ म्हणजे वनस्पतींपासून निघणारें सर्व स्निग्ध द्रव्य. त्या वर्गांत तिळाचें तेल बलासाठीं श्रेष्ठ आणि एरंडाचें तेल विरेचनासाठीं श्रेष्ठ, असा विवेक तेथें केलेला आहे.

तो जुना प्रत्यय आपल्या मराठींत अजून जिवंत आहे, हें मात्र आपल्या लक्षांत येत नाहीं. ‘खोबरेल’ हा शब्द घ्या. खोबरें आणि तेल मिळून तो झाला. एरंडाचें तें ‘एरंडेल’, करंजाचें तें ‘करंजेल’, कोंकणांत उंडीच्या बियांचें तें ‘उंडेल’. शेवटचें ‘एल’ म्हणजे झिजून झिजून राहिलेलें ‘तैल’च होय. मोल्सवर्थच्या जुन्या कोशाच्या काळचे लोक ‘तिळेल’ असेंहि म्हणत. त्या एका लहानशा शब्दांत तीळ दोनदां येतात, पण बोलणाऱ्याला ते एकदांच दिसतात. आणि गंमत अशी कीं, इंग्रजी राज्यांत दिव्याचें खनिज तेल ‘रॉक ऑइल’ या नांवानें आलें, तेव्हां मराठी माणसानें त्याचें ‘रॉकेल’ करून खोबरेलाच्या आणि एरंडेलाच्या रांगेंत त्याला निमूटपणें बसविलें.

आतां आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडे पाहूं. तमिळ भाषेंत तिळाला ‘एळ्’ म्हणतात आणि तुपाला ‘नेय्’. या दोहोंच्या जोडणीनें ‘एण्णेय्’ हा शब्द झाला. मूळ अर्थ ‘तिळाचें तूप’. आजचा अर्थ कोणतेंहि तेल. कन्नडमध्यें तेंच ‘एण्णे’. तेलुगूंत तिळाला ‘नुव्वु’ आणि तेलाला ‘नूने’ म्हणतात. त्याची घडणहि याच प्रकारची. आमच्या जुन्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील वनांत (त्यांतील बराच भाग १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत आहे) गोंडी बोलणारीं गांवें आहेत. त्या गोंडींत तेलाला ‘नी’ किंवा ‘नीय’ अशा उच्चाराचा शब्द आहे, आणि तो त्या ‘नेय्’चाच भाऊबंद आहे. एकाच आठवड्याच्या बाजारांत एक बाई ‘तेल’ म्हणते तेव्हां ती तिळाचें नांव घेते, आणि दुसरी ‘नी’ म्हणते तेव्हां ती तुपाचें नांव घेते. बाटली मात्र दोघींची एकाच घाण्यावर भरलेली असते.

पश्चिमेकडे गेलें तरी हीच कथा. तेथें तिळाच्या जागीं ऑलिव्ह, म्हणजे जैतून, आहे. ग्रीक लोक जैतुनाच्या झाडाला ‘एलाइआ’ आणि त्याच्या तेलाला ‘एलाइऑन’ म्हणत. लॅटिनमध्यें त्याचें ‘ओलेउम्’ झालें आणि तेथून फ्रेंचमार्गें इंग्रजींत ‘ऑइल’ आलें. अरबींत ‘जैतून’ आणि ‘जैत’ यांचें नातें तेंच. ‘पेट्रोलियम’ या भारदस्त शब्दाचा मूळ अर्थ पाहूं गेल्यास ‘खडकांतलें जैतुनाचें तेल’ असा निघतो. आणि आपण ज्याला ‘मातीचें तेल’ म्हणतों, तें त्याच न्यायानें ‘मातीच्या तिळांचा रस’ ठरतें. दोन्हीं शब्दांचें शब्दशः पालन करावयाचें ठरविलें, तर इंग्रजाला दिवा लावतां येणार नाहीं आणि आपल्यालाहि नाहीं.

एवढ्या साक्षी झाल्यावर मी पुन्हां आमच्या भंडाऱ्याकडे वळतों. हा धानाचा मुलूख. धान कापणीला येण्यापूर्वीं, बांधींत ओल असतांनाच, उभ्या पिकांत जवस व लाखोळी फेंकून पेरण्याची तेथें जुनी वहिवाट आहे. त्यासाठीं निराळी नांगरट लागत नाहीं. धानानें सोडलेल्या ओलीवर जवस वाढतो आणि हिवाळ्यांत त्याला निळीं फुलें येतात. संस्कृतांत जवसाला ‘अतसी’ म्हणतात. देशावरचा ‘अळशी’ हा शब्द त्यावरूनच आला. या तेलाचा एक विशेष असा कीं, हवा लागली कीं तें दाट होऊं लागतें व पातळ थर दिला तर वाळून कडक पापुद्रा बनतो. म्हणूनच रंगाऱ्याला तें प्रिय. आणि म्हणूनच आमची आजी तें थोडें थोडें, ताजें आणवी.

दुसरें तेल मोहाचें. मोहाच्या फुलांची कीर्ति सर्वांना ठाऊक आहे; त्याच्या फळाविषयीं शहरांत क्वचितच कोणी बोलतो. त्या फळाला कोठें ‘टोळ’ म्हणतात, कोठें ‘टोळंबी’. छत्तीसगडाच्या बाजूस ‘टोरी’ किंवा ‘डोरी’ हे शब्द ऐकूं येतात. त्याच्या बियांचें तेल उन्हाळ्यांत पातळ असतें आणि थंडींत तुपासारखें थिजतें. जानेवारीच्या सकाळीं तें बाटलींतून ओततां येत नाहीं. उन्हांत किंवा चुलीपाशीं ठेवावें लागतें. ज्यानें हें एकदां पाहिलें, त्याला तमिळ लोकांनीं तेलाला ‘तिळाचें तूप’ कां म्हटलें, हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. तेल आणि तूप यांच्यांतली भिंत निसर्गानें पक्की बांधलेली नाहीं. बरीचशी ती आपण शब्दांनीं बांधली आहे.

‘तूप’ हा शब्दहि मोठा कुतूहलाचा आहे. तो संस्कृत ‘घृत’ शब्दाचा वंशज नव्हे; घृताचा वंशज हिंदी ‘घी’. आपलें ‘तूप’ प्राकृत ‘तुप्प’ या शब्दापासून आलें. हेमचंद्रानें बाराव्या शतकांत देशी शब्दांचा जो संग्रह केला, त्यांत ‘तुप्प’ आहे आणि त्याच्या अर्थांत ‘स्निग्ध’, ‘माखलेलें’ हे अर्थ आहेत. कन्नडमध्यें आजहि तुपाला ‘तुप्प’च म्हणतात. मराठी स्वयंपाकघरांत अशा रीतीनें दोन कुळें शेजारीं शेजारीं नांदतात: तेलाच्या बुधलीवर संस्कृताचें नांव आणि तुपाच्या तांब्यावर देशीचें. लोणी मात्र पुन्हां संस्कृत ‘नवनीत’ शब्दाचें नातवंड, आणि ‘चरबी’ ही फारशीहून आलेली पाहुणी.

शब्द अशा प्रकारें हिंडतात, पसरतात, हें मान्य केलें, तरी एक प्रश्न उरतो. पसरण्याला कांहीं मर्यादा आहे कीं नाहीं? कोणत्याहि वस्तूला कोणतेंहि नांव चालेल काय?

याचें उत्तर मला तुपाच्याच इतिहासांत सांपडलें. विसाव्या शतकांत तेलांतून हायड्रोजन वायु सोडून, निकेल धातूच्या साह्यानें, पातळ तेल घट्ट करण्याची युक्ति प्रचारांत आली. हिंदुस्थानांत १९३७ सालीं ‘डालडा’ बाजारांत आला, आणि पाहतां पाहतां या पदार्थाला लोक ‘वनस्पती तूप’ म्हणूं लागले. तो रंगानें पांढरा, तुपासारखा रवाळ, आणि स्वस्त. खाणाऱ्यानें जाणून खाल्लें, तर त्यांत फसवणूक नव्हती. परंतु कांहीं व्यापारी तें गाईम्हशींच्या तुपांत मिसळून शुद्ध तुपाच्या भावानें विकूं लागले, तेव्हां ‘तूप’ या शब्दावरचा गृहिणीचा विश्वास डळमळला. वासानें व स्पर्शानें भेसळ ओळखणें कठीण झालें.

तेव्हां सरकारनें एक नियम केला, आणि तो अनेक दशकें चालला. वनस्पतीच्या प्रत्येक डब्यांत शेंकडा ५ इतकें तिळाचें तेल असलेंच पाहिजे! कारण असें कीं, तिळाच्या तेलांत असे कांहीं घटक आहेत, जे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्यूरल यांच्याशीं मिळतांच आम्लाला गुलाबी-लाल रंग देतात. रसायनशास्त्रांत हिला बॉडुइन चाचणी म्हणतात. तुपाच्या नमुन्यावर ही चाचणी केली आणि आम्ल लाल झालें, कीं समजावें, यांत वनस्पती मिसळलें आहे.

श्रोतेहो, हा प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्या तिळानें हजारों वर्षांपूर्वीं आपलें नांव साऱ्या तेलांना देऊन टाकलें आणि स्वतः विस्मृतींत गेला, त्यालाच शेवटीं तुपाच्या नांवाचें रक्षण करण्यासाठीं साक्षीदार म्हणून बोलावून आणावें लागलें.

यांतून मर्यादेचें उत्तर मिळतें. जवसाच्या रसाला आमच्या लोकांनीं ‘तेल’ म्हटलें, तेव्हां त्यांत कोणी कांहीं लपविलें नव्हतें. बीं डोळ्यांसमोर घाण्यांत पडे आणि घेणारा तें पाहत असे. त्या नांवानें ज्ञान वाढलें. भेसळीच्या डब्यावर ‘तूप’ लिहिलें, तेव्हां त्या नांवानें ज्ञान झांकलें. शब्द किती पसरला यावर त्याचा खरेपणा ठरत नाहीं. देणारा व घेणारा यांना तो एकाच वस्तूकडे नेतो कीं नाहीं, यावर ठरतो.

घाण्याचें नांव निघालें म्हणून आणखी थोडें सांगतों. तेलाबरोबर शब्दांचा एक मोठा परिवार आपल्या भाषेंत आला: घाणा, त्यांतली लाट, बैलाच्या डोळ्यांवरची झांपड, आणि तेल निघाल्यावर उरणारी ढेप. देशावर जिला पेंड म्हणतात, तिला विदर्भांत ढेप म्हणतात. तेली समाजांत एकबैली, दोनबैली, एरंडेल अशीं जीं पोटनांवें आहेत, त्यांत धंद्याचीच खूण उमटलेली आहे. कोंकणांत बेने इस्रायल लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हें नांव पडलें. आणि तुकोबांचे अभंग ज्यांनीं लिहून ठेवले असें परंपरा सांगते, ते संताजी जगनाडे चाकणचे तेलीच होते. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तेथें मगनवाडींत कुमारप्पांच्या देखरेखीखालीं सुधारलेला घाणा सिद्ध करण्यांत आला. गांवचें तेल गांवांतच निघावें, हा त्यामागील हेतु होता. पुढें यंत्रांनीं घाण्याला मागें टाकलें. बैल गेला, त्याबरोबर लाट आणि झांपड हे शब्दहि जाऊं लागले. ‘घाण्याचा बैल’ मात्र म्हणींत अडकून राहिला आहे आणि आपण त्याला अजून फिरवीत असतों.

आतां शेवटचा शब्द, आणि तो सर्वांत गोड आहे. चरकानें या साऱ्या द्रव्यांना जें एकच नांव दिलें, तें ‘स्नेह’. त्याचा अर्थ चिकटून राहणारा ओलेपणा. तोच शब्द माणसामाणसांतल्या प्रेमाला मिळाला. उलट ज्याला तेलाचा स्पर्श नाहीं तें ‘रूक्ष’. आणि ज्याच्या बोलण्यांत ओलावा नाहीं, त्या माणसालाहि आपण ‘रुक्ष’च म्हणतों. पत्राच्या आरंभीं ‘सस्नेह नमस्कार’ लिहितांना आपण आयुर्वेदाच्या पोथींतलाच शब्द लिहीत असतों. संक्रांतीला तीळ वाटतांना आपण ज्या स्नेहाची इच्छा करतों, तो तिळांत शब्दशः भरलेला असतो.

खानावळींतल्या त्या पंगतीचा निकाल आतां मी देऊं शकतों. शिक्षक शब्दाच्या जन्माविषयीं बोलत होते आणि तें खरें होतें. काकू त्याच्या आजच्या व्यवहाराविषयीं बोलत होत्या आणि तेंहि खरें होतें. चूक असलीच तर माझी होती; माझ्या घरच्या तेलावांचून दुसरें तेलच नाहीं, असें मी समजत होतों. परंतु त्या चुकीबद्दल मला पश्चात्ताप नाहीं. कारण तिच्यामुळेंच मला कळलें कीं, विशेषणाशिवाय उच्चारलेलें ‘तेल’ म्हणजे ज्या त्या घराचा पत्ता असतो. कोठें तो करडईचा, कोठें खोबऱ्याचा, कोठें मोहाचा, आणि आमच्या घरीं जवसाचा.

म्हणून आपणांस एक विनंति करतों. आपल्या घरांत कोणी वडीलधारें माणूस असेल, तर आज त्यांना विचारा, “तुमच्या लहानपणीं घरांत नुसतें ‘तेल’ म्हटलें, कीं तें कशाचें असे?” जें उत्तर मिळेल तें लिहून ठेवा, तें कोणत्याहि कोशांत मिळणार नाहीं. आमच्या आजीला हा प्रश्न मीं कधीं विचारला नाहीं. तिची पितळेची बुधली मजपाशीं आहे. ती कितीहि घांसली तरी तळाशीं वाळलेल्या जवसाच्या तेलाचा एक पिंगट थर तसाच राहतो, आणि तो काढून टाकावा असें मला अद्याप वाटलेलें नाहीं.